‘विष निघतंय’ म्हणून त्रास अंगावर काढू नका

संपादक महोदय,


‘जड धातूंचे डिटॉक्स’ या विषयावर आपल्या आरोग्य पुरवणीत आलेल्या लेखातील एका सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे. डिटॉक्स सुरू केल्यावर डोके दुखले, मळमळले, अंग गळून गेले किंवा कॉफीच्या दोन घोटांनी छातीत धडधडू लागले तर घाबरू नका, शिसे आणि पारा बाहेर पडत असल्याची ती खूण आहे, असे त्यात म्हटले आहे. मी मिरजेत औषधांचे दुकान चालवतो. हेच वाक्य गिऱ्हाइकांच्या तोंडून वरचेवर ऐकतो आणि त्याच्या भरवशावर माणसे डॉक्टरकडे जायचे टाळतात, हेही पाहतो.

या वाक्याची खुबी अशी की ते कधीच खोटे पडत नाही. बरे वाटले तर औषध लागू पडले. त्रास झाला तर विष निघते आहे. काहीच झाले नाही तर विष खोलवर मुरले आहे, आणखी एक डबा घ्या. ज्या दाव्याला हरायची सोयच ठेवलेली नाही, त्याला उपचार म्हणायचे कशाच्या आधारावर?

आता डोकेदुखीकडे पाहू. जवळपास प्रत्येक डिटॉक्सच्या पथ्यात पहिल्याच ओळीत ‘चहा-कॉफी बंद’ असे असते. रोज साधारण 100 मिलिग्रॅम कॅफिन पोटात जाणाऱ्याने ते एकाएकी तोडले तरी त्रास होऊ शकतो. आपल्याकडच्या हिशेबाने हे झाले दोन-तीन कप चहा. शेवटच्या कपानंतर 12 ते 24 तासांत डोके धरते, पहिल्या एक-दोन दिवसांत ते सर्वाधिक ठणकते, आणि ही तगमग काहींना नऊ दिवसांपर्यंत पुरते. चिडचिड, मरगळ, मळमळ, लक्ष न लागणे ही त्याचीच भावंडे. म्हणजे डिटॉक्सचा ‘शुद्धीचा पहिला आठवडा’ म्हणून जो सांगितला जातो, तो बहुतेकांच्या बाबतीत चहा तुटल्याचा आठवडा असतो.

काउंटरवर याचा पुरावाच मिळतो. पावडर सुरू करून दोन दिवस झालेल्या बाई कपाळ दाबत येतात, डोकेदुखीची नेहमीची गोळी मागतात आणि ‘अर्ध्या तासात मोकळं वाटतं’ म्हणून पुन्हा तीच घेऊन जातात. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरे वाचली तर अशा कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉलच्या जोडीला कॅफिन असल्याचे दिसते. चहातून गेलेले कॅफिन गोळीतून परत आले आणि डोके उतरले. शिशाचा यात संबंध कुठे आला?

कॉफी एकदम सोसेनाशी होते, त्यालाही साधी कारणे आहेत. उपाशीपोटी राहणे, अपुरी झोप, जुलाबांमुळे शरीरातले पाणी आणि पोटॅशियम घटणे, यांतले काहीही धडधडीला पुरे आहे. बऱ्याच डिटॉक्स चहांत सोनामुखी असते, ती जुलाब घडवते. काही कॅप्सूलमध्ये ग्रीन टी किंवा ग्रीन कॉफीचा अर्क असतो. म्हणजे कपातले कॅफिन बंद आणि कॅप्सूलमधले चालू! शिवाय निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरातून निम्मे कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या प्रतिजैविकानेही हा वेळ वाढतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचे यकृत कॅफिन लवकर निकाली काढते, त्यामुळे धूम्रपान सोडताच तोच कप त्याला जड जातो. डिटॉक्सच्या नावाने माणूस विडी, जेवण आणि झोप या तिन्हींची घडी एकदम विस्कटतो आणि दोष मात्र पाऱ्यावर जातो.

जड धातूंचा धोका बनावट आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या 2020 च्या अहवालानुसार जगातील सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात शिसे चिंताजनक पातळीवर आहे आणि त्यांतील 27 कोटींहून अधिक भारतातील आहेत. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडणे, जुने रंग, लेड क्रोमेटने पिवळीधमक केलेली हळद, भेसळीचा शेंदूर आणि सुरमा, अशी त्याची उगमस्थाने आहेत. वैद्याच्या देखरेखीविना घेतलेली धातुयुक्त रसौषधे त्यांतच धरावी लागतात. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. धातू काढायला म्हणून घेतलेल्या पुडीतूनच धातू पोटात जाण्याची शक्यता यामुळेच हसण्यावारी नेता येत नाही.

पण धोका खरा असेल तर उपचारही खरा हवा. शिशाच्या विषबाधेवर कीलेशन हा मान्य उपचार आहे. ही औषधे धातूला धरून लघवीवाटे बाहेर नेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शनानुसार रक्तात दर डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम शिसे आढळले की आधी ते येते कुठून हे शोधून थांबवायचे. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी कीलेशनची शिफारस आहे ती 45 मायक्रोग्रॅमपासून पुढे. उगम बंद न करता औषध दिले तर आकडा आज उतरतो आणि उद्या पुन्हा चढतो. हाडांत शिसे दशकानुदशके राहते, ते आठवड्याच्या पुडीने निघत नाही.

या खऱ्या औषधांचे दुष्परिणामही खरे आहेत. डीएमएसए या औषधाने मळमळ आणि पुरळ येते, यकृताचे आकडे वाढू शकतात, पांढऱ्या पेशी घटू शकतात. म्हणून डॉक्टर वरचेवर रक्त तपासतात. ईडीटीए या कीलेशनच्या दुसऱ्या औषधाचे दोन प्रकार आहेत, कॅल्शियमयुक्त आणि डायसोडियम. दुसरा प्रकार रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकतो. 2003 ते 2005 या काळात अमेरिकेत कीलेशनदरम्यान तीन मृत्यू झाल्याची नोंद तिथल्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने केली आहे, त्यांत दोन मुले होती. त्यांच्या शरीराने दिलेल्या इशाऱ्याला कुणी ‘विष निघतंय’ म्हटले असते तर? ज्या रुग्णाला खरोखरच कीलेशन चालू आहे, त्याच्यासाठी हे वाक्य सर्वांत घातक आहे.

‘पण माझ्या रिपोर्टमध्ये धातू जास्त आलेत’, असे काही जण सांगतात. रिपोर्ट कसा काढला, ते विचारा. आधी धातू ओढणारे औषध द्यायचे, मग लघवी तपासायची आणि औषध न घेतलेल्यांच्या आकड्यांशी ती ताडून पाहायची, अशी एक पद्धत प्रचारात आहे. अशाने धडधाकट माणसाचाही रिपोर्ट लाल येणार. अमेरिकेतील वैद्यकीय विषतज्ज्ञांच्या संघटनेने ही पद्धत शास्त्रीयदृष्ट्या प्रमाणित नसल्याचे स्पष्ट केले आहे.

‘डॉक्टर आमचे ऐकूनच घेत नाहीत’, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून मोकळे होणाऱ्यांमुळे डिटॉक्सवाल्यांचे फावते. तरीही त्यावरचा उपाय दुसरा डॉक्टर गाठणे हा आहे. रंग बनवणाऱ्या कारखान्यात किंवा बॅटरीच्या धंद्यात काम असेल तर तेही त्याला सांगावे, म्हणजे शिशाची तपासणी मागे राहणार नाही.

चहा कमी करायचाच असेल तर रोज थोडा थोडा करावा. जेवणानंतर लगेच चहा घेण्याऐवजी तासभर थांबावे. चहामुळे अन्नातले लोह कमी शोषले जाते आणि लोह कमी पडले की शरीर शिसे जास्त शोषते. धातूंची काळजी असणाऱ्याने उचलावे असे हे पाऊल फुकटचे आहे. छातीत धडधड, चक्कर, हातापायांना मुंग्या किंवा पेटके, लघवी कमी होणे, यांतले काही दिसले तर पुडी बंद करून ती हातात घेऊनच दवाखाना गाठावा.

आपल्याला विनंती एवढीच की यापुढे असा लेख छापताना त्यात कोणता धातू, रक्तातली पातळी किती आणि औषधाचे दुष्परिणाम कोणते, या तीन प्रश्नांची उत्तरे असावीत. सोबत औषधांचे दुष्परिणाम कळवण्याचा सरकारी निःशुल्क क्रमांक 1800-180-3024 चौकटीत द्यावा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लेखाच्या वेषात आलेली जाहिरात छापण्याआधी संपादकांनीही या तरतुदीची आठवण ठेवावी.

आपला,
एक औषधविक्रेता, मिरज