ओळीच्या शेवटी

परवा आमच्या भंडाऱ्याच्या घरात आळ आला. आळ चिरंजिवांवर, आणि तोही साधासुधा नव्हे. सातशे चाळीस ओळींचा!

चिरंजीव वरच्या खोलीत बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहितात. (नोकरी पुण्याची आणि जेवण घरचे, हे हिचे समाधान!) ही मंडळी आपले लिखाण ‘गिट’मध्ये ठेवतात. २००५ साली लिनस टोरवाल्ड्‌स या गृहस्थाने ते रचले. तलाठ्याची फेरफार-वही डोळ्यांपुढे आणा, म्हणजे झाले. कोणती ओळ कोणी, कधी बदलली, सारे नोंदलेले. त्यात ‘ब्लेम’ नावाची आज्ञाच आहे. ओळीवर बोट ठेवा, माणसाचे नाव हजर!

चिरंजिवांनी एक ओळ बदलली. गिट म्हणे, सगळ्याच बदलल्या. जुन्या ओळी लाल, नव्या हिरव्या, आणि दोहोंत काडीचा फरक दिसेना. वर त्या फाइलीने सर्व्हरवर चालायचेच नाकारले. नोकरीला उणेपुरे चार महिने झालेले. रात्री ताटावर बसले ते तोंड पाडून.

“बाबा, सगळं पुन्हा कशाला लिहिलं म्हणून विचारून राहिले ते लोक. मी एकाच ओळीला हात लावला ना!”

“मग बाकीच्या ओळींत निराळं काय आहे?”

“शेवटी एक न दिसणारी खूण आहे. कॅरेज रिटर्न.”

मी घास तसाच ठेवला. अहो, उमेदीची सारी वर्षे मी कचेरीत टाइपरायटर बडवला आहे! डाव्या हाताची ती दांडी आठवते ना? एका रेट्यात दोन कामे : गाडा मूळ जागी आणि कागद एक ओळ वर. टेलिप्रिंटरमध्ये या दोन कामांना दोन खुणा होत्या. संगणकाने त्या तशाच उचलल्या. गाड्याची १३, ओळीची १०. युनिक्सने नुसत्या १० वर भागवले, विंडोजने दोन्ही जपल्या. मॅकवाले २००१ च्या नव्या प्रणालीपर्यंत एकट्या १३ वर संसार करीत होते. गाडा गेला, दांडी गेली, पण ‘गाडा मागे घ्या’ हा हुकूम अजून सुटतोच आहे!

चिरंजिवांनी नव्या लॅपटॉपवर गिट बसवताना ओळींच्या शेवटाविषयी एक प्रश्न आला होता. त्यांनी उत्तर ठोकले, ‘जसे असेल तसे’. पुढे त्यांच्या एडिटरने प्रत्येक ओळीला विंडोजची शेपटी लावली, आणि गिटने ती मुकाट्याने नोंदवून घेतली.

‘ऑटोसीआरएलएफ’ ही सेटिंग बदलली की आपले यंत्र सुधारते, शेजाऱ्याचे नाही. म्हणून त्यांनी ‘गिटअ‍ॅट्रिब्यूट्‌स’ नावाची फाइल कामातच घातली. यंत्र कोणाचेही असो, वहीत मजकूर फक्त १० च्या खुणेने जाईल. सर्व्हरवर चालणाऱ्या फाइली तर लॅपटॉपवरही तशाच राहतील. मग ‘रीनॉर्मलाइझ’ची आज्ञा देऊन जुन्या शेपट्या छाटल्या. फाइल धावू लागली. पण छाटणेही बदलच की हो! पुन्हा सातशे चाळीस ओळींवर यांचेच नाव.

मध्यरात्रीनंतर जिना वाजला. ‘ब्लेम’ला ‘डब्ल्यू’चे शेपूट जोडले, की रिकाम्या जागांचे आणि असल्या खुणांचे फरक ते मोजत नाही, असा शोध लागला होता. पडद्यावर जुन्या लेखकांची नावे ओळीने परत आली होती.

“ही बघा, एवढीच माझी,” चिरंजीव म्हणाले.

त्या ओळीत एक चूक होती. ती त्यांनी सकाळी सुधारली.