फॉर्म दिसतो तेवढाच नसतो!

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी सुरू झाली आणि धडगाव तालुक्यातल्या बायका मोबाइलला रेंज मिळावी म्हणून टेकडी चढू लागल्या. बातम्या आल्या, फोटो आले, चर्चा झाली ती टॉवरची. टॉवर हवाच, त्यात वाद नाही. पण आपल्यातल्या कॉम्प्युटरवाल्यांनी त्या प्रक्रियेकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला हवं. आधी स्वतःचा आधार क्रमांक आणि ओटीपी, मग पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि पुन्हा ओटीपी, मग बाकीची माहिती. अशा टप्प्याटप्प्याच्या फॉर्ममध्ये मध्येच रेंज गेली तर काय होतं, हे स्कॉलरशिपचा फॉर्म भरलेल्या कुणालाही विचारा. बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यापासून!

गंमत बघा, देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो आपल्याच जिल्ह्यात. २९ सप्टेंबर २०१०, शहादा तालुक्यातलं टेंभली. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी गावात आले होते. म्हणजे ‘ऑनलाइन ओळख’ या गोष्टीची सुरुवात नंदुरबारपासून झाली, आणि त्यानंतर पंधरा वर्षांनीही त्या ओळखीचा ओटीपी यायला डोंगर चढावा लागतो.

तर मुद्दा फॉर्मचा. दोष सगळा रेंजचा असतो का? नसतो. बराचसा फॉर्म कसा बांधलाय याचाही असतो. आणि तिथे येतो ‘हिडन फील्ड’, म्हणजे फॉर्ममधला न दिसणारा रकाना.

वेबसाइटचा सर्व्हर जन्मजात विसराळू असतो. तुम्ही पहिलं पान भरून ‘नेक्स्ट’ दाबलं, त्यानं दुसरं पान दिलं, आणि तो तुम्हाला विसरला. वेबची मूळ रचनाच तशी आहे, प्रत्येक विनंती त्याच्यासाठी नवी. मग पहिल्या पानावरचं दुसऱ्या पानाला कळणार कसं? यावर दोन जुने उपाय आहेत. एक, सर्व्हरनं स्वतःकडे तात्पुरती नोंद ठेवायची. तिला सेशन म्हणतात. दुसरा, नोंद तुमच्याच पानात लपवून पाठवायची आणि सबमिट केल्यावर ती बाकीच्या माहितीसोबत परत घ्यायची. हा लपवलेला रकाना १९९५ च्या एचटीएमएल २.० पासून आहे, म्हणजे तुमच्यापैकी बहुतेकांपेक्षा वयानं मोठा. टायपायला अगदी सोपा, म्हणून पीएचपीचा पहिलाच प्रोजेक्ट करणारा प्रत्येक जण तो वापरतो.

आता ‘हिडन’ म्हणजे गुप्त, असं वाटतं ना? अजिबात नाही. तो फक्त स्क्रीनवर दिसत नाही. कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून ‘व्ह्यू पेज सोर्स’ पाहिलंत की समोर हजर. आणि जे वाचता येतं ते बदलताही येतं, कारण पान तुमच्या ब्राउझरमध्ये आहे. फेब्रुवारी २००० मध्ये ‘इंटरनेट सिक्युरिटी सिस्टिम्स’ या अमेरिकी कंपनीनं इशारा दिला होता, की अकरा शॉपिंग कार्ट सॉफ्टवेअरमध्ये वस्तूची किंमत अशाच पद्धतीनं बदलता येते. पानावर किंमत छापलेली, तीच हिडन रकान्यातही ठेवलेली, आणि सर्व्हर हिशेब करणार परत आलेल्या आकड्यावर. गिऱ्हाइकानं तो आकडा बदलला की महागडी वस्तू पाच रुपयांना. दुकानदारानं गिऱ्हाइकाच्याच हातात पेन देऊन ‘बिल तुम्हीच लिहा’ म्हणावं, तसलाच प्रकार.

कॉलेजच्या फीचा फॉर्म डोळ्यासमोर आणा. फी किती, हे पानात लपवून पाठवलं आणि परत आलेलं खरं मानलं, तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून पेमेंट गेटवे वेगळी काळजी घेतात. उदाहरणार्थ पेयू. तिथे रक्कम, व्यवहार क्रमांक, नाव, ईमेल हे सगळं फॉर्ममधूनच जातं. पण सोबत एक हॅशही जातो. ही सगळी माहिती आणि फक्त दुकानदार व गेटवे यांनाच माहीत असलेला एक गुप्त शब्द एकत्र करून त्यावर गणिती प्रक्रिया केली, की तो तयार होतो. मधे कुणी रकमेत एक रुपयाचा जरी फरक केला तरी हॅश जुळत नाही आणि व्यवहार अडतो. रक्कम लपवलेली नाही, पण तिच्यावर सही आहे. सगळी मेख त्या सहीत आहे.

मग सगळं सेशनमध्येच ठेवावं की, असं कुणी म्हणेल. शहरातल्या ऑफिसात बसून हे बरोबरच वाटतं. पण सेशनला वेळेची मर्यादा असते. एएसपी डॉट नेटमध्ये मूळ सेटिंग २० मिनिटांचं, पीएचपीमध्ये १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. ही वेळ मोजली जाते शेवटच्या क्लिकपासून. तुम्ही एकाच लांबलचक पानावर टाइप करत बसलात तर सर्व्हरच्या लेखी तुम्ही झोपलेले असता! अक्कलकुव्याच्या एखाद्या सेवा केंद्रात मुलगी रांगेत बसलीय, जातीचा दाखला अपलोड होत नाही म्हणून साइज कमी करून आणायला पाठवलंय, तेवढ्यात लाइट गेली. परत येऊन बघते तो ‘सेशन एक्स्पायर्ड’. तिचा दोष काय? फॉर्म बनवणाऱ्यानं मूळ सेटिंग बदललं नाही, एवढाच. आणि केंद्रावर दुसऱ्यांदा फॉर्म भरायचे पैसे मात्र तिनं द्यायचे.

हिडन फील्डचं आणखी एक काम आहे, आणि ते चांगलं आहे. तुम्ही पोर्टलवर लॉग-इन असताना दुसऱ्या टॅबमधल्या एखाद्या फसव्या पानानं तुमच्या नावानं गुपचूप फॉर्म सबमिट करू नये, म्हणून खऱ्या फॉर्ममध्ये एक यादृच्छिक टोकन लपवतात. फसव्या पानाला ते ठाऊक नसतं, त्यामुळे त्याची डाळ शिजत नाही. पण हे टोकनही सहसा सेशनला बांधलेलं. लॅरावेलमध्ये बनवलेल्या साइटवर ‘४१९ पेज एक्स्पायर्ड’ दिसलं असेल तर ते हेच. सुरक्षा हवीच. मात्र टोकन नवं करून द्यायचं आणि भरलेली माहिती तशीच ठेवायची, इतकं तरी करता येतं. ते करत नाहीत याचं कारण तांत्रिक कमी आणि आळशीपणाचं जास्त, असं माझं मत.

आता ताजी गोष्ट. एएसपी डॉट नेटच्या बऱ्याच साइट्समध्ये ‘व्ह्यूस्टेट’ नावाचं एक हिडन फील्ड असतं. पानाची सगळी अवस्था त्यात कोंबलेली, कधी कधी इतकी की पानाचं वजनच वाढतं आणि टू-जीवर ते उघडता उघडत नाही. त्यावरही सही असते आणि त्या सहीची किल्ली सर्व्हरवर. फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं सांगितलं, की अशा तीन हजारांहून जास्त किल्ल्या इंटरनेटवर उघड्या पडल्या आहेत. कशा? डेव्हलपरांनी नेटवरच्या नमुना कोडमधली किल्ली जशीच्या तशी उचलली. पुढे जुलैमध्ये शेअरपॉइंट सर्व्हरवरचा मोठा हल्ला गाजला. हल्लेखोरांनी सर्व्हरमधून याच किल्ल्या चोरल्या आणि मग खोटं व्ह्यूस्टेट स्वतः बनवून त्यावर खरी सही ठोकली. अमेरिकेच्या अण्वस्त्रांचा कारभार बघणाऱ्या खात्यालाही त्याची झळ बसली. किल्ली एकदा चोरांच्या हातात गेली की सॉफ्टवेअर अपडेट करून भागत नाही, किल्लीही बदलावी लागते.

बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर, पॉलिटेक्निकवाल्यांनो, ‘कॉपी-पेस्ट केलं, चाललं, विषय संपला’ हे वाक्य ओळखीचं वाटतंय का?

याहून साधी चूक तर जास्त धोक्याची. हिडन रकान्यात अर्जाचा क्रमांक ठेवायचा आणि परत आला की त्या क्रमांकाचा अर्ज दाखवायचा, तो अर्ज लॉग-इन केलेल्याचाच आहे का हे न तपासता. कुणी क्रमांक एकानं वाढवला की दुसऱ्याचा दाखला, बँक खातं, मोबाइल नंबर, सगळं उघडं. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ‘ओवास्प’ संस्थेच्या २०२१ च्या यादीत ‘कुणाला काय दिसावं यावरचं ढिलं नियंत्रण’ हा धोका पहिल्या क्रमांकावर होता. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची त्यात तरतूद आहे. तो लागायला वेळ आहे, पण पोर्टलं आत्ता चालू आहेत.

हे वाचून कुणाच्या बोटांना खाज सुटली असेल तर थांबा. सोर्स बघणं वेगळं आणि सरकारी किंवा कॉलेजच्या पोर्टलवर आकडे बदलून पाठवणं वेगळं. परवानगीशिवाय असले उद्योग केले तर आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रयोग करायचे ते आपल्या लॅपटॉपवर, आपल्याच प्रोजेक्टवर.

आणि तो प्रोजेक्ट बनवताना मधला रस्ता निवडता येतो. प्रत्येक टप्पा भरला की तो डेटाबेसमध्ये ड्राफ्ट म्हणून जतन करा. हिडन रकान्यात फक्त ड्राफ्टचा क्रमांक ठेवा आणि दर वेळी तो ज्याचा त्याचाच आहे का ते सर्व्हरवर तपासा. फी, गुण, प्रवर्ग असलं काही ब्राउझरकडून परत घेऊच नका, स्वतःच्या नोंदीतून काढा. मग लाइट जावो, सेशन संपो, लॉग-इन करून माणूस जिथे थांबला तिथून पुढे जाईल.

ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा वेग मुद्दाम कमी करायची सोय असते. प्रोजेक्टच्या सबमिशनआधी तो वेग थ्री-जीवर आणा, फॉर्म अर्धा भरा, वायफाय बंद करा आणि चहा प्यायला जा. अर्ध्या तासानं परत येऊन ‘नेक्स्ट’ दाबा, आणि काय होतं ते बघा.