पेला वेगळा, उच्चार वेगळा, विटाळ तोच

येवल्याच्या मुक्तिभूमीवर दर १३ ऑक्टोबरला निळे झेंडे घेऊन माणसं लोटतात. १९३५ ची ती घोषणा आपल्या लहान पोरांनाही पाठ आहे. पण १९३५ चं येवला आणि १९५६ चं नागपूर यांच्यामध्ये जी एकवीस वर्षं आहेत, त्यांच्याबद्दल आपल्या भाषणांत दोन वाक्यंसुद्धा नसतात. घोषणेनंतर मुस्लिम, शीख, ख्रिस्ती अशा सगळ्यांकडून आवतनं आली. प्रत्येकाच्या ग्रंथात समता होती. बाबासाहेबांनी ग्रंथावर भागवलं नाही, त्या धर्माच्या माणसांत पंगत कशी बसते तेही तपासलं.

त्याच कसोटीवर आज आम्हाला दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या आहेत: चर्चमधला पेला आणि आपल्या पोरापोरींची इंग्रजी. कुणाला हे ओढूनताणून वाटेल. वाटू द्या, पण शेवटपर्यंत वाचा.

जात डोक्यात राहते असं समाजशास्त्राच्या वर्गात शिकवतात. आम्ही म्हणतो, तिचा पहारा तोंडापाशी असतो. तोंडात कुणाच्या हातचं जातं आणि तोंडातून काय बाहेर पडतं, या दोन्हींवर तिची नजर. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडकं असे, कारण त्याची थुंकी जमिनीवर पडायला नको. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी हे नोंदवून ठेवलंय. १९२७ ला महाडमध्ये भांडण ओंजळभर पाणी तोंडाला लावण्यावरून पेटलं. आणि शाळेत त्याच भीमरावाला संस्कृत शिकू दिलं नाही, पर्शियन घ्यावी लागली. पाणी आत जायला नको, देवभाषा बाहेर यायला नको. पहारेकरी एकच.

आता पेल्याकडे येऊ. ख्रिस्ती उपासनेच्या मध्यभागी एक जेवण आहे. प्रोटेस्टंट त्याला प्रभुभोजन म्हणतात, कॅथलिकांच्या मिस्सात ते ख्रिस्तप्रसाद म्हणून येतं. भाकर मोडायची, द्राक्षरसाचा पेला फिरवायचा, सगळे एका देहाचे. कल्पना जबरदस्त आहे, आम्ही ती हसण्यावारी नेणार नाही. ज्याच्या सावलीचा विटाळ होत होता त्याने दुसऱ्याच्या उष्ट्या पेल्याला ओठ लावणं ही काय चीज आहे, हे आपल्याला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून अहमदनगरला काम सुरू केलं आणि पुढे त्या भागातल्या मंडळ्या महार-मांगांनीच भरल्या. तिथे भाकर एकत्र मोडली गेली, हे खरंच आहे.

पण पेला फिरायला लागला की माणसं कशी वागतात ते पाहा. ही गोष्ट बायबलइतकी जुनी आहे. करिंथच्या मंडळीत पैसेवाले आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, म्हणून पौलाने त्यांना पत्रातून झापलं. युरोपात मध्ययुगात पेला पाद्र्यापुरता राहिला, सामान्य माणसाला फक्त भाकर. तो पेला सर्वांना द्या ही मागणी बोहेमियात यान हुसच्या अनुयायांनी लावून धरली. १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मसभेने ती फेटाळली आणि त्याच सभेने हुसला जाळलं. एका पेल्यासाठी तिथे पुढे युद्धं झाली.

आपल्या देशात तर जातच होती. तमिळ भागातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत वेल्लाळ आधी, पराया नंतर, असा प्रभुभोजनाचा क्रम चाले. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हुकूम काढला की चर्चमधला जातिभेद ताबडतोब आणि कायमचा बंद. मग काय झालं? अनेक वेल्लाळांनी जात सोडण्याऐवजी चर्च सोडलं. तिरुनेलवेलीकडे वडक्कनकुलमच्या कॅथलिक चर्चमध्ये जातींना वेगळं बसवणारी भिंत होती, ती पडायला १९१० उजाडलं. 'ख्रिश्चनायझिंग द अनटचेबल्स'मध्ये बाबासाहेबांनी चर्चमधल्या जातीचा जो हिशेब मांडला, तो अशा गोष्टींचा आहे. येशूवर त्यांचा राग नव्हता.

लांब कशाला जायचं? नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक. नवरा १८९५ ला ख्रिस्ती झाला. पुढे दोघं पुन्हा एकत्र राहू लागले, तरी बाईंनी बराच काळ आपलं चूल-पाणी वेगळं ठेवलं. हे त्यांनीच 'स्मृतिचित्रे'त न लपवता लिहिलंय, आणि शेवटी सोवळं कसं सोडलं तेही. त्या प्रामाणिकपणाला आमचा सलाम. पण एवढ्या बुद्धिमान बाईला एवढी वर्षं लागली, याचीही नोंद ठेवा.

(आता बऱ्याच चर्चमध्ये एकेकाला छोटा वेगळा पेला देतात. १८९० च्या दशकात अमेरिकेत जंतूंच्या भीतीने ती पद्धत निघाली. जंतू खरे असतात, वाद नाही. पण 'स्वच्छता' हा शब्द ऐकला की आमचे कान टवकारतात, त्याला आमचा नाइलाज आहे.)

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डिननी त्यांना लॅटिन अक्षरांचा क्रूस घालायला सुचवलं. रमाबाईंनी उलट विचारलं की ब्राह्मणांना संस्कृतबद्दल वाटतं तसंच तुम्हाला लॅटिनबद्दल वाटतं की काय? बिनतोड सवाल. स्वतः मात्र त्या संस्कृतवरच थांबल्या, ते असो. आम्हाला तो सवाल हवाय, कारण आज तो इंग्रजीबद्दल विचारायची वेळ आली आहे.

इंग्रजी आपल्याकडे सोवळ्यातून आली नाही. तिला शिवायला कुणाचं गोत्र लागलं नाही, म्हणून सावित्रीबाईंनी तिचं स्वागत केलं आणि बाबासाहेबांनी तिच्यात ग्रंथ लिहिले. २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे आता पेला सगळ्यांना मिळाला. मग नवा पहारा बसला उच्चाराचा. तालुक्यातली पोरगी इंटरव्ह्यूला जाते, उत्तर बरोबर देते, आणि समोरचे तिच्या 'व्ह' आणि 'व'वर गालात हसतात. स्पोकन इंग्लिशचे क्लासवाले 'ब्रिटिश ॲक्सेंट'च्या पाट्या लावून पैसे उकळतात. अरे, खुद्द ब्रिटनमध्ये ती पुस्तकी उच्चारपद्धत मूठभर लोक बोलतात. ग्लासगोचा माणूस वेगळं बोलतो, लिव्हरपूलचा वेगळं, लागोसचा वेगळं. ब्रज काचरूंनी १९८५ मध्येच मांडलं की इंग्रजी आता अनेक आहेत आणि भारताची त्यातली एक आहे. त्याआधी १९६९ मध्ये हैदराबादच्या आर. के. बन्सल यांनी भारतीय इंग्रजी परक्या माणसाला किती समजते यावर पुस्तक लिहिलं. प्रश्न तोच योग्य आहे: समजलं का? गोरं वाटलं का, हा प्रश्न भाषेचा नाहीच.

याचा अर्थ कसंही बोला, चालतंय, असा घेऊ नका. जिथे अर्थ अडतो तिथे शिकायचंच. काळ चुकला, शब्दावरचा जोर चुकला आणि समोरच्याला कळलं नाही, तर सराव करा, दहा वेळा करा. आम्ही आळसाची वकिली करत नाही. पण अर्थ पोचल्यावरही जो हसतो, तो व्याकरण तपासत नसतो. हे हसू आपल्या ओळखीचं आहे. वर्गात 'पाणी'ला 'पानी' म्हटल्यावर पिकायचा तोच हशा. महाडला पाण्याला शिवू दिलं नाही, शाळेत त्या पाण्याच्या नावालाही शिवू दिलं नाही.

आणि आता आपलं घरचं. आपल्याच अभ्यासवर्गांत, आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर, पुण्या-मुंबईत शिकून आलेले आपलेच भाऊ-ताई खेड्यातल्या पोराची इंग्रजी चारचौघांत 'दुरुस्त' करतात. पोरगं परत तोंड उघडत नाही. आरक्षणातून मिळालेली जागा अशी मुकी होते, आणि मग आपण म्हणतो की आपली पोरं बोलत नाहीत. आधी आपण जेवलो आणि मागच्यांना उपाशी ठेवलं. करिंथकर आणखी काय वेगळं करत होते?

येत्या १३ ऑक्टोबरला येवल्यात अभ्यासवर्ग घेणाऱ्या साथींना आमची सूचना आहे. एक तास इंग्रजीचा ठेवा. विषय मुक्तिभूमीचाच, 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मधलं एक प्रकरण घ्या. बोलायला पहिल्यांदा तालुक्यातली पोरं उठवा, शहरातली नंतर. समजलं नाही तरच मधे विचारायचं, उच्चारावर कुणी हसला तर त्याला त्या दिवशीची भाजी-भाकरी वाढायच्या कामाला लावायचं.