ताटातले पाहुणे

गेल्या आषाढी एकादशीची गोष्ट. आमच्या महिला मंडळात दुपारी भजन होतं आणि फराळाचं प्रत्येकीनं घरून करून आणायचं ठरलं होतं. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचे काप, राजगिऱ्याचे लाडू असे एकेक डबे उघडत गेले. एका डब्यात बटाट्याची भाजी होती, पिवळीधमक. चारच महिन्यांपूर्वी लग्न होऊन सोलापुरात आलेल्या एका सुनेनं ती हौसेनं केली होती. तिच्या सासूबाईंनी झाकण काढलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अगं, उपवासाला हळद? आमच्यात असलं चालत नाही बघ. आईनं काही वळण लावलंय की नाही?"

"आमच्याकडं घालतात," एवढंच ती पुटपुटली आणि तिनं डबा बंद केला. नंतर तिनं फराळाला हातही लावला नाही. मी शेजारीच बसले होते. नवी नवरी असताना मीही असाच एक डबा झाकला होता, तरीही मी गप्प बसले.

ती गोष्ट काही मनातून जाईना. मग मी उपवासाच्या ताटातल्या एकेका जिनसाचं माहेर शोधायला घेतलं. आणि काय सांगू, थक्क झाले!

बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या पेरू आणि बोलिव्हियाच्या डोंगरांतला. आपण वापरतो तो 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेला. रताळंही अमेरिकेतलंच. राजगिरा मेक्सिकोकडचा. शेंगदाणा पुन्हा दक्षिण अमेरिकेतला. आणि साबुदाणा? तो बनतो एका कंदापासून, त्या कंदाचं मूळही दक्षिण अमेरिकेत. आधी साबुदाणा आग्नेय आशियातून जहाजानं यायचा. दुसऱ्या महायुद्धात ती आवक थांबली आणि १९४३च्या सुमारास तमिळनाडूत सेलमला तो या कंदापासून करायला लागले. आज आपल्या डब्यात असतो तो बहुतेक तिकडचाच. ताटातली एकटी भगर तेवढी इथल्या मातीतली.

आता गंमत बघा. कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ मध्ये आणि वास्को द गामा आपल्या किनाऱ्याला लागला १४९८ मध्ये. त्याआधी यातलं काहीच आपल्या स्वयंपाकघरात असणं शक्य नव्हतं. पण पंढरीची वारी तर त्याच्याही आधीची. म्हणजे ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळातल्या बायकांनी एकादशी धरली, ती साबुदाण्याशिवाय, बटाट्याशिवाय आणि दाण्याच्या कुटाशिवाय! उलट मूग आणि तूर ही आपल्याच देशातली धान्यं, हळदही पिढ्यान्‌पिढ्या इथली. ती मात्र उपवासाला वर्ज्य. माहेरच्यांना दार बंद आणि परदेशच्या पाहुण्यांना पाट!

मला वाटतं, असं झालं असेल. जुन्या नेमात काय खायचं नाही, ते नावानिशी ठरलेलं होतं. हे नवे जिन्नस त्या यादीत नव्हतेच. कुणीतरी शहाण्या बाईनं दिवसभर राबून उपाशी राहणाऱ्या घरच्यांकडं पाहिलं असेल आणि म्हटलं असेल, याला कुठं मनाई आहे? चालतंय की!

मिरचीचं तर विचारूच नका. तीही मेक्सिकोकडची, पोर्तुगीजांनी आणलेली. त्याआधी आपल्याकडं तिखट म्हणजे मिरी, सुंठ, पिंपळी. मिरीवरूनच हिचं नाव मिरची पडलं. आपल्या जिल्ह्यातलं अरण हे संत सावता माळ्यांचं गाव. त्यांनी समाधी घेतली १२९५ मध्ये. मळ्यातल्या भाजीपाल्यात देव पाहणारा त्यांचा अभंग आपण सगळ्याच म्हणतो आणि त्यात मिरची आहे! तेव्हा या देशात मिरचीच नव्हती. म्हणजे पुढं केव्हातरी गाणाऱ्यांच्या तोंडूनच ती अभंगात येऊन बसली असणार. कुणी तिला हुसकावलं नाही. आज त्या शब्दाशिवाय तो अभंग म्हणून बघा, अळणी लागेल.

आपल्या सोलापूरची ओळख काय? कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. चटणीतल्या शेंगा आणि मिरची दोन्ही सातासमुद्रापलीकडच्या. भाकरी तरी आपली म्हणावी, तर ज्वारीचं माहेर आफ्रिकेत! पूर्व सुदानमध्ये पाच हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या खापरांत ज्वारीचे ठसे सापडले आहेत. तिथून ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वी आपल्याकडं आली आणि मंगळवेढ्याच्या काळ्या रानात अशी रुजली की आज त्या ज्वारीला मंगळवेढ्याच्या नावानं भौगोलिक मानांकन आहे.

आणि अंगावरची सोलापुरी चादर? तिच्यावर नक्षी उमटवणारी जॅकार्डची युक्ती १८०४ मध्ये फ्रान्समधल्या एका विणकरानं काढली. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून कुठला धागा उचलायचा, ते मागाला कळतं. पुढं गणकयंत्राला सूचना देण्यासाठी तीच भोकांची कल्पना वापरली गेली. आणि त्या मागावर चादरी विणून सोलापूरचं नाव देशभर नेणारे आपले पद्मशाली बांधव मूळचे तेलंगणातले. १८७७ मध्ये इथं पहिली कापड गिरणी निघाली, पोटासाठी चहूकडून माणसं आली, म्हणून तर आपल्या गल्लीत एकाच नळावर मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू ऐकू येते.

मग आपलं काहीच नाही का? तसं मुळीच नाही. दाणे परके होते, पण ते भाजून लसूण-मिरचीबरोबर तेल सुटेस्तोवर उखळात कुटायचे, हे इथल्याच कुणा बाईला सुचलं. ज्वारी बाहेरून आली, पण भाकरी थापून ती कडक वाळवायची, म्हणजे प्रवासात आठ-आठ दिवस टिकते, ही अक्कल इथलीच. त्या बायकांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. आलेल्या पाहुण्याला त्यांनी चव दिली, नाव दिलं आणि घरचं करून घेतलं.

अनोळखी शेंगदाण्याला एवढं सहज सामावून घेणाऱ्या आपण, दुसऱ्या गावाहून आलेल्या पोरीची चिमूटभर हळद का सामावून घेऊ शकत नाही? रीत शिकवू नये, असं मी म्हणत नाही. प्रत्येक घराची रीत असते आणि ती पुढच्या पिढीला सांगितलीच पाहिजे. पण ती चुलीपाशी, मायेनं सांगता येते. चारचौघींत तिच्या आईचं वळण काढलं की ती शिकवण राहत नाही, ती सत्ता होते. सून स्वयंपाकघरात येताना माहेरची एक चव घेऊन येते. ती पुसून टाकायची की आपल्या ताटात वाढून घ्यायची, हे आपल्या हातात असतं.

परवा मी त्या सासूबाईंकडं गेले आणि हे सगळं त्यांना सांगितलं. आधी त्यांनी विश्वासच ठेवला नाही. मग हसून म्हणाल्या, "म्हणजे आमची एकादशी अमेरिकेची म्हणायची की!" सून आतून चहा घेऊन आली. तिला सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण "बस की गं इथं," म्हणून शेजारी जागा केली. एवढं पुष्कळ झालं.

मी माझ्या घरी उपवासाच्या भाजीत हळद घालणार नाही, इतक्या वर्षांची सवय आहे. पण येत्या एकादशीला तो डबा मंडळात आला, तर पहिला चमचा माझ्या ताटात पडेल. त्यानं माझा उपवास मोडायचा नाही. गेल्या एकादशीला गप्प बसले, तेव्हा मात्र तो नक्की मोडला होता.