सरत्या वर्षाचा निबंध: लेकरांचं वर्ष त्यांनाच लिहू द्या



डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की मराठीच्या तासाला एक विषय हमखास निघतो. 'सरत्या वर्षाला निरोप' किंवा 'मावळत्या वर्षाचे मनोगत'. वह्या तपासायला घेतल्या की चाळीसपैकी तीस वह्यांची सुरुवात सारखीच असते. काळ कुणासाठी थांबत नाही. मग सुख-दुःख एकाच नाण्याच्या दोन बाजू. मग शेवटी रोज पहाटे उठून अभ्यास करण्याचा संकल्प. अक्षर छान, शुद्धलेखन बरं, उतारा पाठ. गुण द्यावेच लागतात. पण ती वही हिंगोलीच्या मुलाची आहे की सांगलीच्या, 2024 ची आहे की 2014 ची, हे काही केल्या कळत नाही. वर्षावर निबंध लिहिला आणि त्यात वर्षच नाही!

हा विषय देऊ नका असं मी म्हणत नाही. उलट द्याच. दहावीला लेखनकौशल्याचा आठ गुणांचा प्रश्न असतो, त्यात प्रसंगलेखन आलं, आत्मकथन आलं, वैचारिक लेखन आलं. तिन्हींची तयारी या एका विषयातून होते. माझा आक्षेप एवढाच आहे, की लेकरांनी जे वर्ष स्वतः काढलं ते आपण त्यांना लिहू देत नाही. तयार वाक्यं हातात देतो आणि मग 'मुलांना स्वतःचं काही सुचतच नाही' अशी तक्रार करतो.

आपल्या जिल्ह्यातल्या मुलाला 2024 बद्दल सुचत नाही, हे मला तरी पटत नाही. आठवून बघा. 21 मार्चला सकाळी सहा वाजून गेल्यावर दहा-बारा मिनिटांच्या अंतरानं भूकंपाचे दोन धक्के बसले. पहिला 4.5 रिश्टरचा, दुसरा 3.6 चा. 10 जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा एकदा 4.5. केंद्र आपल्याच कळमनुरीच्या परिसरात, आणि हादरा पार नांदेड-परभणीपर्यंत. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेकडच्या लोकांना जमिनीतून येणारे आवाज नवे नाहीत, कित्येक वर्षं ते ऐकत आलेत. पण बाकीच्या गावांत त्या सकाळी माणसं खरोखर घराबाहेर पळाली. वयस्कर माणसांना लगेच 1993 चं किल्लारी आठवलं. पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या, असं प्रशासनानं सांगितलं. ज्यांचं घर पत्र्याचं आहे त्यांनाच याचा अर्थ नीट कळतो. वाऱ्यावादळात पत्रा उडू नये म्हणून दगड ठेवायचा, आणि भूकंपात तोच दगड डोक्यात पडू नये म्हणून काढायचा. मग वादळ आलं तर?

हा प्रश्न एका सहावीतल्या पोरानं वहीत लिहिला होता, अगदी याच शब्दांत. दुसऱ्या एका मुलीनं लिहिलं, 'जमीन हालली तवा आजीनं आधी शेळी सोडली, मग मला उठवलं.' या एका वाक्यात आजी आहे, घर आहे, शेळीची किंमत आहे, आणि थोडा रुसवाही आहे. 'सुख-दुःखाचा लपंडाव' असं शंभरदा लिहूनही हे येत नाही.

पोळ्याचं तर विचारूच नका. 2024 मध्ये पोळा 2 सप्टेंबरला होता, सोमवारी. आदल्या दिवशी खांदमळणी. आणि नेमका त्याच दोन दिवसांत मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला तो आपण सगळ्यांनी पाहिला. कयाधू पात्र सोडून शेतात आली. सोयाबीन तेव्हा शेंगा भरायच्या बेतात होतं, ते पाण्यात उभं राहिलं. बैलांना झुली, बेगड, गोंडे, सगळं आणून ठेवलेलं, आणि बैल गोठ्यातच ओवाळायची वेळ. ज्या मुलानं महिनाभर आधीपासून शिंगांना कोणता रंग द्यायचा हे ठरवलं होतं, त्याच्यासाठी ते लहान दुःख नव्हतं. बापाला सोयाबीनचं दुःख, पोराला मिरवणुकीचं. दोन्ही त्याच घरात, त्याच ओल्या भिंतीआड. पुढे उरलंसुरलं सोयाबीन बाजारात गेलं तेव्हा हमीभाव 4,892 रुपये होता आणि मोंढ्यात त्याहून कितीतरी खाली मागत होते. सातवी-आठवीच्या मुलांना हे आकडे तोंडपाठ असतात. गणिताच्या पुस्तकातला नफा-तोटा त्यांना अवघड जातो, घरातला नाही.

आता कुणी म्हणेल, लेकरांना कशाला रडगाणं लिहायला लावता? रास्त आहे. पण आनंदाचंही आपण तेच करतो की! 'सहलीला गेलो, खूप मजा आली.' कसली मजा? वहीत 'खूप मजा आली' दिसलं की त्याच्यापुढं लाल पेनानं 'म्हणजे काय?' एवढंच लिहावं. मग हळूहळू बाहेर येतं. हिंगोलीच्या दसऱ्याला रामलीला मैदानावर आकाशपाळण्यात बसलो, वर गेल्यावर डोळे मिटले, म्हणून काहीच दिसलं नाही, पण खाली आल्यावर सगळं दिसलं असं मित्रांना सांगितलं. शाळेच्या नळाला तीन महिन्यांनी पाणी आलं. मामानं जुना मोबाईल दिला, त्यात सिम नाही, पण गाणी आहेत. म्हशीला रेडकू झालं, पहिल्या दिवशीचा खरवस शेजारी वाटायला मी गेले. लहान आनंद असेच असतात, आणि ते मोठ्यांच्या नजरेत भरत नाहीत. आपल्या शेजारच्या गंगाखेडच्या जनाबाईंनी दळण, कांडण, शेणी वेचणं हे सगळं अभंगांत आणलं. सातशे वर्षं झाली, अजून कुणी त्यांना 'विषय फारच किरकोळ आहे' असं म्हटलेलं नाही.

आणि दुःखाचं म्हणाल तर नर्सी आपल्याच जिल्ह्यातली. ज्ञानदेवांच्या समाधीचे जे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत त्यांत निवृत्तिनाथांचा, भावंडांचा, सोबतच्या संतांचा शोक आहे. संतही रडतात, हे लिहायला त्यांना संकोच वाटला नाही. मग आपल्या वर्गातल्या मुलानं 'मला वाईट वाटलं' लिहिलं की आपण लगेच खाली 'पण नव्या वर्षी सर्व ठीक होईल' असं का जोडायला सांगतो?

इथं एक आडवाटेचा मुद्दा. वर्ष नेमकं कुणाचं सरतंय, हेही वर्गात विचारून पाहा. 31 डिसेंबर हा कॅलेंडरचा शेवट झाला. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. सालगड्याचं साल पाडव्याला संपतं, 2024 मध्ये तो 9 एप्रिलला होता, आणि त्या दिवशी काही मुलांचं राहण्याचं गाव, शेत, कधी शाळासुद्धा बदलते. ऊसतोडीला जाणाऱ्या घराचं वर्ष कोयता उचलला की सुरू होतं. 2024 चा गाळप हंगाम 15 नोव्हेंबरपासून धरला गेला. म्हणजे आपण वर्गात 'सरत्या वर्षाला निरोप' लिहून घेत असतो तेव्हा तांड्यावरची, सेनगाव-कळमनुरीकडची काही लेकरं फडात असतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात, नाहीतर आजीजवळ. जी आजीजवळ मागं राहिली त्यांच्यासाठी वर्षातली सर्वांत मोठी घटना म्हणजे माय-बापाचा ट्रॅक्टर निघाला तो दिवस. निबंधाच्या पुस्तकात हा दिवस नाही.

हळदीचं आणखी वेगळं. मे-जूनमध्ये लावलेली हळद 31 डिसेंबरला जमिनीतच असते. पाला सुकायला लागलेला, पण काढणी पुढं जानेवारी-फेब्रुवारीत. मग शिजवणं, वाळवणं, घोळणं, आणि त्यानंतर कुठं मार्केट यार्ड. 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, ही आपल्या जिल्ह्यासाठी मोठी बातमी. पण हळदवाल्या घरातल्या पोराला विचारा, ते मानांकनाचं बोलणार नाही. ते सांगेल की हळद शिजवायच्या दिवसांत रात्री शेतातच झोपायला मिळतं आणि गरम कांडीचा वास आठ दिवस अंगाला राहतो. त्या वासावर दहा ओळी लिहून घ्या. मानांकन सामान्यज्ञानाच्या परीक्षेसाठी राहू द्या.

भाषेचं काय, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. 'तवा', 'माय', 'लई', 'व्हतं' असं लिहिलं तर चालू द्यायचं का? माझं मत असं: निवेदन प्रमाण मराठीत असावं, कारण परीक्षेत तेच लागतं आणि ते शिकवणं आपलं काम आहे. पण माणसं बोलतात ते अवतरणचिन्हांत जसंच्या तसं येऊ द्यावं. आजी 'अगं, लवकर ऊठ बरं' म्हणत नाही, 'ऊठ की वं माय' म्हणते. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला, आपण शाळेत पेढे वाटले, फलक लेखन केलं. त्याच आठवड्यात एखाद्या वहीतल्या 'माय' शब्दाखाली आपणच लाल रेघ ओढली असेल तर अभिजात नक्की काय झालं?

आता जरा जपून करायची गोष्ट. मुलांना खरं लिहा म्हटलं की ती खरंच लिहितात. आपल्या भागात कुणाचा बाप गेलेला असतो, आणि कसा गेला हे सगळ्या गावाला माहीत असतं. कुणाच्या घरी दारू असते, कुणाच्या मोठ्या बहिणीची शाळा सुटलेली असते. म्हणून दोन गोष्टी वर्गात आधीच सांगाव्यात. जे लिहायचं नाही ते लिहू नका, आकाशपाळण्यावर लिहिलं तरी तितकेच गुण आहेत. आणि ज्याला वाटतं की हे फक्त सरांनी वाचावं, मॅडमनी वाचावं, त्यानं पान दुमडून द्यावं. दुमडलेलं पान वर्गात मोठ्यानं वाचायचं नाही, स्टाफरूममध्ये दाखवायचं नाही, त्याचा फोटो काढून ग्रुपवर तर अजिबात टाकायचा नाही. 'किती हृदयस्पर्शी!' म्हणून एखाद्या लेकराची वही फिरवलेली मी पाहिली आहे. दुसऱ्या दिवशी पोरं त्याला त्याच वाक्यानं चिडवत होती. त्यानं पुन्हा तसं काही लिहिलं नाही.

आणि एखाद्या पानात मारहाणीचं, किंवा अल्पवयीन मुलीचं लग्न ठरल्याचं दिसलं, तर ते पान तपासायचं नसतं. तिथं शुद्धलेखन थांबतं. त्या मुलीशी एकटीशी, शांतपणे बोलावं, मुख्याध्यापकांना सांगावं आणि 1098 या चाइल्डलाइन क्रमांकावर फोन करावा. हा क्रमांक वर्गात दर्शनी भागात असावा, आणि मुलांना तो पाठही असावा. 'काळ कुणासाठी थांबत नाही' या ओळीपेक्षा तो पाठ असलेला बरा.

पालकहो, तुमच्याकडं माझं वेगळंच मागणं आहे. या विषयाचा गृहपाठ आला की मोबाईलवर शोधून देऊ नका. तो निबंध तुमच्यापेक्षा मास्तरांनी जास्त वेळा वाचलेला असतो. त्याऐवजी जेवताना विचारा, यंदा तुला सगळ्यात जास्त हसू कधी आलं होतं? तुमचंही सांगा. बापानं 'पोळ्याच्या रात्री मला झोप नव्हती' एवढं सांगितलं तरी पोराला कळतं की त्या रात्री जागा असलेला तो एकटा नव्हता. आणि लेकरानं घरातली गोष्ट वहीत लिहिली म्हणून रागावू नका. 'आपली इज्जत घालवलीस' हे एकदा ऐकलेलं मूल पुढं दहावीला काय, आयुष्यभर गाईडातलंच लिहितं.

राहिला गुणांचा प्रश्न. पाठ केलेल्या निबंधाला आठपैकी सात मिळतात आणि स्वतःच्या निबंधाला पाच, हे खरंय, होतं असं. ज्यांच्या हातात पेपर तपासणी असते त्यांना मी एवढंच म्हणेन, की तीसाव्या सारख्या उत्तरानंतर एकतिसावं वेगळं आलं की डोळे उघडतात ना? मग त्याचे गुण तिथं दिसू द्या. एखादा काना-मात्रा चुकला तर अर्धा गुण कापा, जरूर कापा, पण शेळी आधी सोडणाऱ्या आजीला गुण द्या.

करायचं असेल तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सोपं आहे. पहिल्या दिवशी फक्त बोलायला लावा, लिहायला नाही. दोघा-दोघांत. यंदा पहिल्यांदाच काय केलं, काय हरवलं, कोण गावातून गेलं, कोण आलं, कशाची भीती वाटली, कशाचा वास अजून आठवतो. 2024 मध्ये 26 एप्रिलला आणि पुन्हा 20 नोव्हेंबरला मतदानासाठी आपली शाळा केंद्र झाली तेव्हा तुझ्या बाकावर कोण बसलं असेल, असंही विचारा, खालच्या वर्गांना हा प्रश्न फार आवडतो. दुसऱ्या दिवशी, 31 तारखेला, वर्गातच पंधरा ओळी. घरी द्यायचं नाही. वह्या 2 जानेवारीलाच गोळा करा. 3 तारखेला सावित्रीबाईंची जयंती, त्या दिवशी भाषणं आणि फोटोंत तास जातो, आणि वह्या टेबलावर तशाच राहतात.