रेल्वेतली नोकरी आणि मेलबर्नचे मैदान

बंगळूरच्या महादेवपुरा भागात संगणकाच्या नोकऱ्यांमुळे पुष्कळ मराठी कुटुंबे येऊन स्थिरावली आहेत. इथल्या मोठ्या गृहसंकुलांच्या आवारात बास्केटबॉलचे मैदान असते आणि संध्याकाळी मुली हौसेने खेळतातही. दहावी जवळ आली की मात्र ‘आता पुरे झाला खेळ’ असे घरातून ऐकू येऊ लागते. आईवडिलांचे अगदीच चुकते असे नाही. या खेळावर मुलीचे पोट भरेल का, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. गीतू अ‍ॅना जोसची कारकीर्द पाहिली की त्याचे निम्मे उत्तर मिळते.

गीतू केरळातल्या कोट्टायमची, जन्म १९८५ चा. उंची सहा फूट दोन इंच. (वरसंशोधनाच्या वेळी आईबापांच्या पोटात गोळा आणणारी ही उंची मैदानावर मात्र लाखमोलाची!) आधी ती व्हॉलीबॉल खेळायची, पुढे बास्केटबॉलकडे वळली. दक्षिण रेल्वेने तिला चेन्नईत नोकरी दिली. खेळाडू मुलींना आपल्याकडे रेल्वेचा केवढा आधार! पण पगार मिळतो तो नोकरीचा, खेळाचा नव्हे.

२००६ मध्ये तिला ऑस्ट्रेलियातून बोलावणे आले. मेलबर्नच्या रिंगवुड हॉक्स या क्लबकडून व्हिक्टोरिया राज्याच्या ‘बिग व्ही’ लीगमध्ये ती २००८ पर्यंत खेळली. ही काही तिथली अव्वल लीग नव्हे. तरीही ऑस्ट्रेलियात व्यावसायिक बास्केटबॉल खेळणारी गीतू ही पहिली भारतीय स्त्री ठरली.

मेलबर्न हे मिशेल टिम्सचेही गाव. १९८९ मध्ये ती जर्मनीतल्या क्लबकडून खेळायला गेली. १९९७ मध्ये अमेरिकेत डब्ल्यूएनबीए ही स्त्रियांची लीग सुरू झाली, तेव्हा फिनिक्स मर्क्युरी संघातून उतरलेली टिम्स त्या लीगमधली पहिली ऑस्ट्रेलियन. १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्य आणि २००० मध्ये सिडनीला रौप्य जिंकणाऱ्या संघांत ती होती. तिच्या गुणांविषयी वाद नाही. पण ऑस्ट्रेलियात मुलींची राष्ट्रीय लीग १९८१ पासूनच चालू होती. टिम्स त्या पायरीवरून वर चढली. गीतूच्या पायाखाली अशी पायरीच नव्हती.

२०११ मध्ये शिकागो, लॉस एंजलिस आणि सॅन अँटोनियो या तीन डब्ल्यूएनबीए संघांनी गीतूला चाचणीसाठी बोलावले. तेव्हा लीगमध्ये संघ १२ आणि साऱ्या मिळून जागा दीडशेहूनही कमी; त्यांवर जगभरच्या मुलींचा डोळा. करार झाला नाही. २०१४ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

जुलै २०१७ मध्ये बंगळूरलाच स्त्रियांची आशिया चषक स्पर्धा झाली. ‘ब’ गटाच्या अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५-७३ असे हरवून वरच्या गटात प्रवेश मिळवला. पुण्याची शिरीन लिमये या संघात होती. वरच्या गटात जपानने ऑस्ट्रेलियावर ७४-७३ अशी एका गुणाने मात केली. ऑस्ट्रेलियाच्या मुली स्पर्धेनंतर परतल्या त्या आपापल्या क्लबांकडे. आपल्यापैकी कित्येकी परतल्या त्या रेल्वेच्या आणि वीज मंडळाच्या नोकरीवर.