आधी खाताना दाखवा

गेल्या दिवाळीत एका दुकानातून मी शेवरॉन बटरफ्लाय मासा घरी आणला. तळहाताएवढा, पांढरट अंगावर बाणाच्या टोकांसारख्या बारीक काळ्या रेघा. "सगळं खातो, ताई," दुकानदार म्हणाला. बारा वर्षं मी खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळते आहे, तरी त्याच्या शब्दावर विसंबले.

पहिल्या दिवशी बारीक चिरलेली कोळंबी सोडली. तो जवळ आला, पाहिलं आणि वळून गेला. तिसऱ्यांचं मांस दगडावर चोळून ठेवलं, तेही तसंच राहिलं. दिवसभर तो रिकाम्या दगडाला तोंड लावत फिरायचा. तिसऱ्या आठवड्यात पोट पार खपाटीला गेलं आणि एका सकाळी तो फिल्टरच्या तोंडाशी चिकटलेला सापडला.

नंतर वाचलं, जे आधी वाचायला हवं होतं. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर हा मासा जवळजवळ एकाच प्रवाळावर जगतो: टेबलासारखा आडवा पसरणारा अक्रोपोरा हायासिंथस. दिवसभर त्याचे पॉलिप टिपायचे आणि आपल्या टेबलाभोवती दुसऱ्याला फिरकू द्यायचं नाही, हा त्याचा संसार. अक्रोपोरावरच पोसणाऱ्या लांब तोंडाच्या फाइलफिशचंही तेच. 1998 साली समुद्र तापला, जपानमधल्या ओकिनावाच्या सेसोको बेटाजवळचे अक्रोपोरा पांढरे पडून मेले आणि पाठोपाठ हा फाइलफिशही तिथून झपाट्याने नाहीसा झाला. भर समुद्रात ज्यांना दुसरं ताट चालत नाही, त्यांना माझी कोळंबी कशी चालणार?

"जिवंत प्रवाळ घाला" असं काही जण सुचवतात. आपल्याकडे 2001 पासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. एका माशाच्या हौसेपायी ते ओरबाडायचे?

बटरफ्लाय मासा पाळायचाच असेल तर ऑरिगा पाहा. तो समुद्रातही किडे, कोळंबी असं बरंच काही खातो, त्यामुळे टाकीत रुळण्याची शक्यता जास्त. तरीही दुकानदाराला सांगा: आधी माझ्यासमोर खाताना दाखवा, मग पैसे.

शेवरॉन मात्र दया येऊनही विकत घेऊ नका. तो विकला गेला की दुकानदार त्याच्या जागी दुसरा मागवतो, आणि तो दुसरा त्या वेळी कुठेतरी आपल्या प्रवाळावर पोटभर चरत असतो.